"गेम बंद कर म्हटलं की घर डोक्यावर घेतो"

"आमच्या वेळी असं नव्हतं हो. दिवे लागेपर्यंत आम्ही बाहेर असायचो." इंदूरमध्ये समुपदेशन करताना रोज नाही, तरी दिवसाआड हे ऐकते. मागच्या उन्हाळ्यात आलेल्या कुटुंबाचीही सुरुवात इथूनच झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

निपानियातल्या टाउनशिपमध्ये उंच मजल्यावर घर, आई-वडील दोघं नोकरीला, मुलगा सहावीत, सोबत आजोबा. शाळेतून आला की मोबाइल. गेम तो नेहमीचाच: शंभर जण बेटावर उतरतात, चौघाचौघांच्या टोळ्या लढतात, शेवटपर्यंत उरेल ती टोळी जिंकते. वडिलांनी गेम काढून टाकून पाहिला होता, मुलाने पुन्हा टाकून घेतला. बंदीचं हे असंच असतं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा किती पालकांना हायसं वाटलं होतं! थोड्याच दिवसांत पोरं दुसऱ्या गेमवर.

आईचा प्रश्न सरळ होता. "ताई, हे व्यसन आहे का?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता गेमिंग डिसऑर्डर आहे. ही नवी यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिचे निकष कडक आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू असतं. या मुलाची झोप ठीक, जेवण ठीक, अभ्यास जेमतेम पण चालू. भांडण व्हायचं ते फक्त गेम बंद करायच्या वेळी. मग त्या वेळेबद्दलच त्याला विचारलं.

"मॅच अर्धा तास चालते, मॅडम. मध्ये थांबवता येत नाही. मी उठलो तर बाकीचे तिघं मरतात. मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळे मलाच बोलतात."

आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरातून "पाच मिनिटांत बंद कर" म्हणायची, आणि तो नेमका लढाईच्या ऐन मध्यात. मी सुचवलं, मिनिटं मोजू नका, मॅच मोजा. संध्याकाळी दोन, आणि दुसरी सुरू करायच्या आधी ही शेवटची म्हणून सांगायचं. आरडाओरडा त्याच आठवड्यात बराच कमी झाला. तेवढ्यावर फाइल मिटवता आली असती, पण आजोबांचं ते "आमच्या वेळी" अजून तसंच होतं.

पुढच्या खेपेला तिघांना एकेक कागद दिला. दहा वर्षांचे असताना एकटे, सोबत मोठं माणूस नसताना, कुठवर जात होता ते काढा.

आजोबांनी रामबागेतल्या वाड्यापासून सुरुवात केली. चिमणबागचं मैदान, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, राजवाडा. कागद पुरेना. चिमणबागेत गिल्ली-डंडा आणि सितोलिया (म्हणजे आपली लगोरी), ओटल्यावर बसलेल्या मोठ्या पोरांकडून मुश्ताक अलींच्या फटक्यांच्या आणि होळकर संघाने चारदा रणजी जिंकल्याच्या गोष्टी. बुधवारी रात्री आठला कोपऱ्यावरच्या दुकानाशी उभं राहून रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, आणि घरी आल्यावर त्याबद्दल वडिलांचा मार. तेव्हा पोरं रेडिओने बिघडत होती.

वडिलांचा कागद लोकमान्यनगरचा. सायकल, केसरबाग रोड, राजेंद्रनगर. आणि एका गल्लीतलं व्हिडिओ गेमचं दुकान. "बाबांना हे अजून माहीत नाही," ते हसून म्हणाले. आजोबा म्हणाले, "माहीत होतं रे."

मुलाने फ्लॅट काढला, लिफ्ट काढली (बटणांसकट, आणि छान), पार्किंग, स्कूल बसचा थांबा. संपलं. क्लब हाउस का नाही, विचारलं. "तिथे सर असतात ना." सोमवार-बुधवार स्केटिंगचे सर, मंगळवार-गुरुवार क्रिकेटचे सर, शनिवारी चित्रकलेच्या मॅडम. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्लासमुळे ते बऱ्यापैकी होत होतं. पण आपापसांत टोळी करायची, कप्तान कोण यावर भांडायचं, रुसायचं, परत यायचं, आणि मोठ्या कुणाला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे सगळं त्याला मिळत होतं ते त्या बेटावरच. गल्ली आपण गाड्यांना दिली, मोकळा वेळ क्लासला दिला. पोरगं उरलेल्या जागी गेलं, त्याचा सगळा दोष मोबाइलच्या माथी मारणं मला पटत नाही.

त्या टाउनशिपमध्ये संक्रांतीला "पारंपरिक खेळ" होतात म्हणे. माइकवर निवेदक, टी-शर्ट, प्रत्येकाला पदक, आणि गिल्ली मारताना बाबांचे फोटो. मुलं रांगेत उभी. त्याला मी खेळ म्हणणार नाही, गॅदरिंग म्हणेन.

वडिलांना एकच काम दिलं: सोसायटीत एक कोपरा मिळवा, जिथे संध्याकाळी गाड्या नाहीत आणि सरही नाहीत. कमिटीशी बरीच घासाघीस झाली. वॉचमन मुलांना हुसकावायचा ते थांबलं. मागच्या पार्किंगचा तुकडा सहा ते साडेसात मिळाला.

पहिल्याच आठवड्यात आईचा फोन. "ताई, खाली जातात आणि पायऱ्यांवर बसून सगळे तोच गेम खेळतात!" म्हटलं, खेळू द्या, निदान एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत. तुम्ही गॅलरीतून हाका मारू नका. पुढे कुणाचा तरी धाकटा भाऊ बॉल घेऊन आला. धाकटे असे उपयोगी पडतात, त्यांना मोबाइल मिळत नसतो. मग फरशीचे तुकडे रचून सितोलिया सुरू झाली. ती आजोबांनी शिकवली, हे खरं. पण एकदा शिकवून झाल्यावर त्यांना वर पाठवायला मलाच सांगावं लागलं, कारण ते पंच होऊन बसले होते.

गेम सुटलेला नाही. दोन मॅच चालूच आहेत, परीक्षा संपल्या की तीनही होतात. मध्यंतरी एका गाडीचा आरसा फुटला, कमिटीने पुन्हा "खेळण्यास मनाई"चा बोर्ड लावला, आणि तीन-चार घरांनी मिळून भरपाई देऊन तो परत उतरवला. परवा आईचा मेसेज आला: मुलं सितोलिया छान खेळतायत, यासाठी एखादा कोच ठेवावा का?

मी लगेच फोन लावला.