एमी जॉन्सन 1930 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान घेऊन कशी पोहोचली?

धाडस होतंच, पण तिला इंजिन स्वतः उघडून दुरुस्त करता यायचं हे जास्त महत्त्वाचं. 1929 मध्येच तिने ग्राउंड इंजिनिअरचा परवाना काढला होता. विमान सेकंडहँड जिप्सी मॉथ, उघड्या कॉकपिटचं, रेडिओ नाही. 5 मेला क्रॉयडनहून निघून सहाव्या दिवशी कराची गाठली. तोवर ती, आधी याच मार्गाने एकट्याने गेलेला वैमानिक बर्ट हिंकलर याच्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे होती. पेट्रोल संपत आल्याने झाशीला थेट परेड ग्राउंडवर उतरावं लागलं. रंगूनजवळ इनसीनला मात्र विमान चरात गेलं, प्रोपेलर आणि पंख मोडला. जादा प्रोपेलर विमानालाच बांधून आणला होता, म्हणून निभावलं. विक्रम तिथेच हुकला, पण 24 मेला ती डार्विनला उतरली.