अमेरिकेतल्या नवाहो या मूलनिवासी जमातीचे सैनिक दुसऱ्या महायुद्धात आपल्या चालीरीती कशा पाळत असत?

चेस्टर नेझ यांचं उदाहरण सांगतो. 1942 मध्ये अमेरिकेच्या मरीन दलात नवाहो भाषेवरून सांकेतिक भाषा रचणाऱ्या पहिल्या 29 जणांपैकी ते एक. लहानपणी सरकारी निवासी शाळेत हीच भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची, हे विसरता येत नाही.

त्यांच्याजवळ कातड्याची छोटी पिशवी असे. तिच्यात मक्याचे पराग. चिमूटभर पराग जिभेला, डोक्याला लावायचे, मग हवेत सोडून प्रार्थना करायची. पॅसिफिक महासागरातल्या ग्वादालकनाल बेटावर जपान्यांशी झालेल्या लढाईतही ते प्रार्थना करत.

खरं ओझं मात्र मृतदेहांचं होतं. नवाहो माणूस प्रेताला शिवत नाही, मृताचं नाव घेणंही टाळतो. मागे राहिलेला अशुभ अंश जिवंतांना पछाडतो, अशी श्रद्धा आहे. आणि इथे तर प्रेतांच्या शेजारीच खंदकात राहायचं! घरी परतल्यावर नेझना मेलेले जपानी सैनिक दिसू लागले. मग कुटुंबाने ‘शत्रू-मार्ग’ हा विधी केला. त्यात मंत्रगीतं म्हणणारा जाणता असतो, शत्रूची एखादी वस्तू लागते आणि नातलग, शेजारीपाजारी सगळे काही दिवस एकत्र जमतात. त्यानंतर नेझना बराच आराम पडला. परतलेल्या सैनिकाला त्यांनी एकटं सोडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.