समुद्रकाठी घर बांधताना: वाचकांचे प्रश्न

किनारपट्टीवर घर बांधायला काढलेल्या वाचकांच्या पत्रांत फिरून फिरून तेच घोळ असतात. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

खाडीची वाळू स्वस्त मिळते. पावसाळाभर भिजली की मीठ निघून जातं, असं मिस्त्री म्हणतात. वापरावी का? (गुहागर)

नाही. ढीग भिजणं म्हणजे वाळू धुणं नव्हे. क्रशरची धुतलेली वाळू घ्या, आणि शंका असेल तर प्रयोगशाळेत क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या क्षाराची, चाचणी करून घ्या.

स्लॅबला ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) लागतं, पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट) कच्चं, असं दुकानदार सांगतो. (मालवण)

दुकानदार चुकतो आहे. पीपीसीची ताकद सावकाश येते, पण त्यातल्या फ्लाय ॲशमुळे, म्हणजे कोळशाच्या राखेमुळे, काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि क्षार आत शिरायला वेळ लागतो. मात्र सेंट्रिंग कधी उतरवायचं ते तुमच्या इंजिनिअरनेच ठरवावं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत पाठवा.

इपॉक्सी लेपाची सळई घेतली तर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) थोडं कमी चालेल ना? ठेकेदार म्हणतो, तीन दिवस पाणी मारलं की पुरे. (वेंगुर्ले)

दोन्ही चालणार नाही! महागडी सळई खपवायची आणि फुकटचं पाणी वाचवायचं, हा उद्योग आता थांबायला हवा. सळईला खरं राखतं ते तिच्याभोवतीचं काँक्रीट. सिमेंटच्या अल्कलीमुळे लोखंडावर संरक्षक थर बसतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत पोचलं की तो तुटतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. तोवर ठेकेदार दुसऱ्या गावी गेलेला असतो.

आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला 45 मिमी कव्हर आणि किमान एम30 ताकदीची प्रत लागते. सळईखाली खडीचे किंवा लाकडाचे तुकडे सारू देऊ नका, तयार कव्हर ब्लॉकच हवेत. पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 पेक्षा जास्त नको, म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. माल सरकत नाही म्हणून कुणी वरून बादली ओतू लागला तर काम थांबवा. त्यासाठी प्लॅस्टिसायझर असतो, त्याची मात्रा इंजिनिअरला विचारा. पीपीसीच्या स्लॅबवर आळी करून किमान 10 दिवस पाणी साठवा, जमल्यास 14. आणि स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी इंजिनिअरला सळई दाखवा. काँक्रीट ओतल्यावर बोलावलंत तर त्याला कव्हर दिसणार कसं?

स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी ‘वॉटरप्रूफ, लाइफटाइम गॅरंटी’चं प्लायवूड घ्यावं का? (रत्नागिरी)

त्या शब्दांवर जाऊ नका. सिंकखाली आयएस 710 चं (मरीन) प्लाय घ्या, आयएसआय शिक्का प्रत्येक शीटवर पाहा आणि बिलावर प्रत लिहून घ्या.

समुद्राकडच्या खिडक्यांना स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या 304 प्रतीच्या की 316? (दापोली)

316.

गीझरला 2.5 चौ. मिमी वायर पुरेल का? (अलिबाग)

4 ची घाला आणि 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एकूण भार मात्र परवानाधारक वायरमनकडून काढून घ्या, भिंतींना गिलावा होण्याआधी.