कपाटातली रिंग आधी बाहेर काढा

(पत्राचा आशय: मुलीची बारावी सायन्स झाली. लातूरला क्लास, होस्टेल सगळं करून ‘नीट’ दोनदा दिली, सीट लागली नाही. रात्री अभ्यास सोडून भरतकाम करायची म्हणून रिंग आणि दोरे कपाटात घालून कुलूप लावलं. आता म्हणते, भरतकामच शिकायचं. तिसरा अटेम्प्ट द्यायला लावू, की निदान फॅशन डिझायनिंगला टाकू? – एक वडील, अहमदपूर)

सर,

तुम्ही शिक्षक आहात असं लिहिलंय, म्हणून सर म्हणतो. पत्रात मुलीचे दोन्ही वर्षांचे मार्क विषयवार आहेत, फिजिक्समध्ये किती गेले तेसुद्धा. ती काय भरते, याची मात्र एक ओळ नाही. फुलं भरते की आरसे लावते? ओढणीवर की रुमालावर? कुलूप लावायच्या आधी ते कापड हातात घेऊन पाहिलंत का? वर्गातल्या पोराची वही तर तुम्ही न उघडता बाजूला टाकत नसाल.

‘पाहुण्यांना काय सांगू?’ असंही तुम्ही विचारलंय. तिसऱ्या अटेम्प्टचं मला पत्रात सापडलेलं कारण एवढंच. तिला डॉक्टर व्हायचंय, असं कुठेच नाही. पाहुणे दिवाळीत दोन दिवस येतील. होस्टेलच्या खोलीत वर्षभर ती बसणार आहे. ती स्वतः मागत असेल तर द्या. नाहीतर नको, आणि हे मी स्पष्टच सांगतो.

फॅशन डिझायनिंगचं म्हणाल तर निफ्टची प्रवेश परीक्षा, चार वर्षं, लाखांत खर्च. संस्था चांगली आहे. पण तिथं मुख्यतः कपड्याचं डिझाइन करायला शिकवतात, आणि तुमची पोरगी सुई मागतेय.

‘भरतकाम म्हणजे तीन महिन्यांचा क्लास, त्यात आता कॉम्प्युटरची मशीन आली,’ असं तुम्ही लिहिता. मशीन वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवून टाका घालते. हाताने एकच दोरा सुईला गुंडाळून खाली ओढला की गाठीचा टाका बसतो; मशीन फार तर त्याच्यासारखा दिसणारा ठिपका काढते. साधी पाकळी भरीव टाक्याने भरताना कड दातेरी न होता रेशमाची चमक हवी तिकडे वळवायची, यात माणसाची वर्षं जातात. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कमध्ये (स्थापना १८७२) हातभरतकामाची तीन वर्षांची पदवी आहे. तिला लंडनला धाडा असं म्हणत नाही, एवढं शिकायचं असतं हे सांगतोय. मुंबईत २०१६पासून चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट बायकांना हे काम शिकवतंय. मार्च २०२३मध्ये गेटवे ऑफ इंडियापुढे डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा शो झाला, तेव्हाचं भलंमोठं तोरण चाणक्यच्याच कारागिरांच्या हातचं. आणि हो, तुम्ही ‘पैठणीवरचे मोर वगैरे’ म्हणता, ते मोर भरलेले नसतात, मागावर विणलेले असतात. ती विद्याच वेगळी.

आयटीआयमध्ये भरतकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्या भागात कुठे चालू आहे ते प्रवेशाच्या वेळी बघा. सोबत आरी, म्हणजे आकडीच्या सुईने करायचं भरतकाम, शिकू द्या. लग्नसराईत ब्लाऊजवर आरी वर्क करून घेणाऱ्या गावोगावी आहेत. मात्र नगावर मजुरी घेऊन दुकानदारासाठी राबण्यात ती अडकू नये, म्हणून एका ब्लाऊजला किती तास आणि किती सामान लागलं याचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहायला लावा. हे तुम्हाला नक्की शिकवता येईल. जवळ एखादा बंजारा तांडा असेल तर कवड्या-आरशांचं जुनं काम येणाऱ्या याडीजवळ (बंजारा बोलीत याडी म्हणजे आई) बसू द्या, चार रविवार तरी. पदवी हवीच असेल तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. होईल.

पण हे सगळं नंतर. आज कुलूप काढा. मग तिने भरलेल्या एखाद्या कापडाचा फोटो मला पाठवा, उलट्या बाजूचा. गाठी कुठे आहेत, दोरा किती लांब ओढलाय, ते तिथं दिसतं. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.