जेटर भारीच, पण एक नंबर वॅग्नर

प्रश्न : माझा भाचा शाळेच्या सॉफ्टबॉल टीममधी शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळतो अन् सारखा मोबाईलवर अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्या डेरेक जेटरचे व्हिडिओ बघतो. म्हणतो असा शॉर्टस्टॉप झालाच नाही, 3465 हिट (बॉल ठोकून बेस गाठणं), 5 वर्ल्ड सिरीज (तिथली वर्षाची फायनल) जिंकल्या, अजून काय पाहिजे? त्याचे सर म्हणतात पहिल्या पाचात पण बसत नाही. दोघं रोज भांडू लालेत. तुम्हीच सांगा. (एक मामा, परभणी)

उत्तर : मामा, सरांना सांगा पहिल्या पाचात नक्की बसतो, अन् भाच्याला सांगा एक नंबर नाही. माझ्या हिशोबानं चौथा.

बॅटिंगबद्दल वादच नको. 20 सीझन एकाच टीमकडून, न्यूयॉर्क यँकीजकडून, अ‍ॅव्हरेज .310 (म्हणजे 100 संधीत 31 हिट), आणि प्लेऑफमधी (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) 158 मॅच म्हणजे जवळपास एक आख्खा सीझन झाला, तिथं पण .308, म्हणजे समोर तगड्या टीमा असताना सुद्धा गडी तसाच खेळला, हे लई कमी लोकांना जमतं.

पण शॉर्टस्टॉपची जागा मुळात फिल्डिंगची आहे. दुसऱ्या अन् तिसऱ्या बेसच्या मधी उभं राहायचं, उजव्या हाताचे बॅटर जमिनीलगत ठोकतात ते बॉल जास्त करून तिकडंच येतात, आणि तिथून पहिल्या बेसला थ्रो लांबचा. जेटरकडं आलेला बॉल तो सहसा सोडत नव्हता, उजवीकडं पळत जाऊन उडी मारून हवेतूनच थ्रो करायचा ते तर बघतच राहावं. अडचण डावीकडची, दुसऱ्या बेसच्या बाजूनं जाणारे बॉल त्याच्या हाताला लागायचेच नाहीत. आणि ज्या बॉलपर्यंत पोचलाच नाही त्याची एरर (फिल्डरच्या नावावरची चूक) लागत नाही, त्यामुळं एरर कमी दिसतात. 5 गोल्ड ग्लोव्ह (त्या जागेवरच्या सगळ्यात भारी फिल्डरचं वर्षाचं बक्षीस) मिळाले खरे, पण ते तेव्हा कोच-मॅनेजरच्या मतांवर मिळायचे. किती रन वाचवले किती घालवले हा हिशोब 2003 पासून निघायला लागला, त्यात जेटर मायनस शंभरच्याही खाली आहे. 2004 मधी अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज यँकीजकडं आला, शॉर्टस्टॉपचे 2 गोल्ड ग्लोव्ह घेऊन आला, तरी तिसऱ्या बेसला गेला तो, जेटर जागचा हलला नाही. मला ते आजही पटत नाही. (रॉड्रिग्जला मी या यादीत धरत नाही, औषधं घेतल्याचं त्यानं स्वतःच कबूल केलंय.)

भाच्याला एक व्हिडिओ मात्र परत परत दाखवा. 13 ऑक्टोबर 2001, ओकलंडविरुद्ध, यँकीज 1-0 नं पुढं, सातवी इनिंग. उजव्या कोपऱ्यातून आलेला थ्रो, तो झेलून पुढं द्यायला थांबलेल्या मधल्या दोघांच्या डोक्यावरून गेला, आता रन होणारच, आणि तेवढ्यात जेटर, जो शॉर्टस्टॉप आहे, ज्याचं तिथं कामच नाही, पार पहिल्या बेसच्या रेषेजवळ पळत येऊन बॉल उचलतो अन् पळता पळताच उलट्या हातानं कॅचरकडं ढकलतो. रन काढायला पळत आलेला ओकलंडचा जेरेमी जियाम्बी आऊट. मॅच 1-0 नंच जिंकली. असलं डोकं कुठल्याच आकड्यात येत नाही, म्हणून तर चौथा म्हणतो, नाहीतर अजून खाली गेला असता.

वर कोण? एक नंबर होनस वॅग्नर, पिट्सबर्गचा, 8 वेळा लीगमधी बॅटिंगला पहिला, 700 च्या वर बेस चोरलेले (बॉल ठोकायच्या आधीच पळून पुढचा बेस गाठलेला), 1936 ला हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या पाच जणांत निवडला गेला. त्या काळात काळ्या खेळाडूंना मेजर लीगमधी (तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधी) घेतच नव्हते हे धरलं तरी तोच पहिला. दोन नंबर कॅल रिपकेन, सलग 2632 मॅच सगळ्यांना माहितीयत, पण 1990 मधी 161 मॅचमधी फक्त 3 एरर, हे बघा. तीनला ऑझी स्मिथ, 13 गोल्ड ग्लोव्ह. त्याचं अ‍ॅव्हरेज .262 अन् होमरन आख्ख्या करिअरमधी 28 च, यावर सर अन् मामा तुम्ही खुशाल भांडा, पण मी तरी तिथं ग्लोव्हलाच मार्क देतो.

प्रश्न : जेटरला हॉल ऑफ फेममधी 397 पैकी 396 मतं, मग एकानं कामून दिलं नाही? (वाचक, उदगीर)

उत्तर : तो कोण हे त्यानं कधी पुढं येऊन सांगितलंच नाही. 75 टक्के लागतात, त्यामुळं निवडीला काही फरक पडला नाही. शंभर टक्के फक्त पिचर मारियानो रिवेराला, 2019 मधी, तो पण यँकीजचाच. 2025 ला जपानचा इचिरो पण एकाच मतानं हुकला, आणि इचिरोला मत न देणारा माणूस मॅच बघतो तरी का असं मला खरंच विचारावं वाटतं.