विहिरीतला आंधळा जीव आणि मुलीच्या करिअरचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी विहिरीचे पाणी बारीक जाळीतून गाळताना तिला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, पांढुरका, डोळे नसलेला प्राणी मिळाला आणि तेव्हापासून भूजलातील अपृष्ठवंशी प्राण्यांवरच काम करायचे तिने मनावर घेतले आहे, असे आपण कळवले आहे. “ज्या जिवांचे नावही कोणी ऐकलेले नाही, त्यांच्या अभ्यासावर पोट कसे भरणार?” हा आपला प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, तिने या वाटेने जरूर जावे, मात्र जोडीला भूजलशास्त्र पक्के शिकून घ्यावे.

तिची उत्सुकता अस्थानी नाही. बॅथिनेला हा असाच एक डोळे नसलेला कवचधारी प्राणी प्राग शहरातील विहिरीत सापडला होता आणि त्याचे शास्त्रीय वर्णन १८८२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून खडकांच्या फटींत आणि वाळू-गोट्यांच्या थरांतील पाण्यात कोपेपॉड, अॅम्फिपॉड, आयसोपॉड हे छोटे कवचधारी, शिवाय गोगलगायी, चपटे कृमी असे कितीतरी जीव मिळत गेले. युरोपातील निफार्गस या अॅम्फिपॉडांच्या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ‘जीनस’मध्ये) चारशेहून अधिक जाती आहेत. सूर्यप्रकाश नसल्याने तेथे वनस्पती नाहीत. वरून झिरपत आलेले सेंद्रिय कण आणि जिवाणूंचा थर यांवरच बहुतेकांचे भागते. त्यामुळे त्यांचे सारे जीवनच संथ असते: श्वसन कमी, अंडी थोडी आणि आयुष्य मात्र पृष्ठभागावरील नातलगांपेक्षा लांब. निफार्गसच्या काही जाती प्रयोगशाळेत सहा महिने उपाशी राहूनही जगल्या आहेत.

उपासमार सोसणारा हा जीव झपाट्याने होणारा बदल मात्र सोसू शकत नाही, आणि आपल्या मुलीच्या करिअरचा गाभा मला येथेच दिसतो. भूजलाचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते, म्हणून त्यातील अनेक जातींना तापमानाची अरुंद पट्टीच मानवते. उपसा वाढून पाण्याची पातळी वेगाने उतरली, तर बारीक गाळात अडकलेले प्राणी पाण्यामागे खाली जाऊ शकत नाहीत. नायट्रेट, कीटकनाशके आणि क्षार झिरपत येतात ते वेगळेच. शिवाय एखादी जात जगात एकाच जलधरापुरती (भूजल साठवणाऱ्या खडकाच्या वा वाळूच्या थरापुरती) असू शकते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील यिलगार्न भागात चुनखडीचे थर एकमेकांपासून बेटांसारखे तुटलेले आहेत, आणि तेथील आंधळे पाणभुंगेरे बहुतांशी आपापल्या थरातच आढळतात. असा एक थर कोरडा पडला, तर तेथील जात पुन्हा कोठून येणार?

म्हणूनच पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात खाणीसारख्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनात, जेथे असे प्राणी असण्याचा संभव आहे तेथे, भूगर्भातील प्राण्यांची पाहणी मागितली जाते आणि ती करणाऱ्या सल्लागार संस्थांना हे प्राणी ओळखू शकणारी माणसे लागतात. विद्यापीठे, संग्रहालये आणि पाणी-गुणवत्तेच्या प्रयोगशाळा ही आणखी ठिकाणे. जागा थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पायांवरचे केस मोजून जात ठरवू शकणारे तज्ज्ञ त्याहूनही थोडे आहेत. पाण्यातील डीएनएवरून प्राणी ओळखण्याच्या पद्धतीलाही, आधी कोणी अचूक ओळखून ठेवलेले नमुने तुलनेला लागतातच.

प्रदूषकांच्या विषारीपणाच्या चाचण्यांत तर काम पडूनच आहे. डॅफ्निया या पाणपिसूवरील प्रचलित चाचणी ४८ तासांची असते. संथ चयापचयाच्या भूजल-प्राण्यावर परिणाम दिसायला अनेकदा त्याहून फार अधिक काळ लागतो, आणि हे प्राणी प्रयोगशाळेत वाढवणेही कठीण. ज्याच्या अंगी चिकाटी आहे, त्याने हा प्रश्न जरूर हाती घ्यावा.

पदव्युत्तर शिक्षणासाठी प्राणिशास्त्र की पर्यावरणशास्त्र, असे आपण विचारले आहे. माझे मत प्राणिशास्त्राला, कारण प्राणी ओळखण्याची नजर उशिरा कमावणे अवघड जाते. भूजलशास्त्राचा एखादा पद्धतशीर अभ्यासक्रम आणि संख्याशास्त्र तिने सोबत करावे. पुढे प्राण्यांच्या अभ्यासाची नोकरी लगेच मिळाली नाही, तरी पाण्याच्या क्षेत्रात तिला काम मिळेल. संशोधनात जायचे असेल तर पीएच.डी. धरूनच चालावे.

एक काम मात्र तिला आजच सांगा. तो प्राणी तिने फॉर्मालिनमध्ये ठेवल्याचे आपण लिहिले आहे. फॉर्मालिनमध्ये डीएनए खराब होतो. पुढचा नमुना तिने किमान ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि तारीख, विहिरीचे ठिकाण, पाण्याची पातळी व तापमान पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी.