वाचकांचे प्रश्न : कुस्तीचा कार्टून गेम

‘डब्ल्यूडब्ल्यूई टूके बॅटलग्राउंड्स’ हा गेम नऊ वर्षांच्या मुलाला द्यावा का?
(एक आई, राजारामपुरी)

खोक्यावर छापलेला वयाचा आकडा आधी बघा आणि पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसा. सेबर इंटरॅक्टिव्हने बनवलेला हा गेम १८ सप्टेंबर २०२० रोजी आला. टूके या गेम कंपनीच्या नेहमीच्या कुस्ती गेममध्ये पैलवान खऱ्यासारखे दिसतात. इथे ते मुद्दाम फुगवलेले आहेत, रुंद खांदे आणि जाडजूड दंडांचे. फ्लोरिडाच्या दलदलीतल्या आखाड्यात तर प्रतिस्पर्ध्याला मगरीच्या तोंडी देता येतं. मुलांना हे कार्टून आहे हे चटकन कळतं.

खरी काळजी पैशाची आहे. खेळून मिळतात ते बॅटल बक्स, खरे पैसे मोजून मिळतात ते गोल्डन बक्स. बरेच पैलवान सुरुवातीला कुलूपबंद असल्याने मुलाचा हात दुकानाकडे वळतोच. प्लेस्टेशनवर मुलाचं वेगळं चाइल्ड अकाउंट काढा, फॅमिली मॅनेजमेंटमध्ये महिन्याची खर्चमर्यादा शून्य ठेवा आणि तुमच्या खात्यात कार्ड साठवून ठेवू नका. मूल तुमच्याच खात्यावर खेळत असेल तर ही मर्यादा त्याला लागू होत नाही. बहुतेक घरांत चूक इथेच होते. कॉमिकच्या चौकटींतून पुढे जाणारी कॅम्पेन, म्हणजे गेममधली गोष्ट, आधी पूर्ण करू द्या. त्यात काही पैलवान फुकट उघडतात.

डाव उलटवायचं बटण वेळेवर दाबूनही उशीर होतो. कंट्रोलर खराब आहे का?
(आठवीतला विद्यार्थी, कसबा बावडा)

कंट्रोलरवर खर्च करण्याआधी टीव्ही तपास. चित्र गुळगुळीत आणि चकचकीत करण्यासाठी टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करतो, आणि तेवढ्यात सेकंदाचा छोटा अंश निघून जातो. चित्रपटात ते जाणवत नाही, उलटडावात मात्र वेळ हुकते. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू कर. काही टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआयला वेगळा लावावा लागतो, म्हणून कन्सोल ज्या खाचेत जोडलाय तीच निवडून मग बदल कर. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर जात असेल तर तोही मागे पडतो. आवाजावर नाही, हालचालीवर नजर ठेव.

या गेमची जुनी पीएस४ (प्लेस्टेशन ४) डिस्क स्वस्तात मिळतेय. घरी पीएस५ आहे, चालेल?
(एक वाचक, शाहूपुरी)

डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५वर चालेल, बिनड्राइव्हच्या डिजिटल मॉडेलवर नाही. पीएस४चे गेम पीएस५वर जुन्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरनेही खेळता येतात, त्यामुळे दुसऱ्या खेळाडूसाठी नवा घ्यायची गरज नाही. डिस्कसोबतचा जादा पैलवानांचा कोड मात्र आधीच्या मालकाने वापरलेला असेल तर पुन्हा चालत नाही. त्याचे पैसे देऊ नका.

मुलगा तालमीत जातो. घरी धाकट्याला उचलून गादीवर आपटायला लागलाय.
(एक वडील, गंगावेस)

हे आजच थांबवा. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या शोच्या कुस्तीत उचलला जाणारा गडी स्वतःही उडी घेतो, हनुवटी छातीला लावतो आणि पाठ पसरून पडतो, म्हणजे मार एका जागी बसत नाही. रिंगच्या फळ्याही दबतात. घरी धाकट्याला यातलं काहीच येत नसतं, तो मानेवर पडतो. तालमीतली माती सरावाआधी खोदून मऊ करतात तीही पडणाऱ्यासाठीच. वस्तादांच्या कानावर घाला. त्यांचा शब्द तो तुमच्यापेक्षा लवकर ऐकेल. दोघांनाही फरक दाखवा: मातीत पाठ लागली की चितपट, कुस्ती संपली. गेममध्ये खांदे टेकवून तीन आकडे मोजावे लागतात. खेळायचंच असेल तर दोघांना टॅग टीममध्ये, म्हणजे जोडीच्या लढतीत, एका बाजूला बसवा. एकमेकांविरुद्ध खेळवलं की भांडण पडद्याबाहेर येतं.

गेमच्या स्टील केजमध्ये (पिंजऱ्यातल्या लढतीत) भिंत चढता येत नाही!
(सहावीतली वाचक, उचगाव)

आधी रिंगमध्ये येणारे पैसे गोळा कर. ते पुरेसे झाल्याशिवाय वर जाता येत नाही. प्रतिस्पर्ध्याला आडवा पाडलास की लगेच पैशांकडे धाव, त्याला मारत बसू नकोस.